सातचा तास

पहिला तास

आमची ओळख माझ्या डोक्यावर झाली. म्हणजे — टेबलावर स्टूल, स्टुलावर मुखरू सर, त्यांच्या एका हातात वेळापत्रक, दुसऱ्यात खळीची वाटी. मी खालून चालले होते. एक थेंब... कोमट, पांढरा, बरोबर भांगात.

"माफ करा बाई," वरून आवाज आला. "वनस्पतीशास्त्र तुमीच का?"

साल १९५७. चांद्याचं आमचं कॉलेज चार खोल्यांचं. वनस्पतीशास्त्र त्याच वर्षी सुरू होत होतं, अन् ते शिकवायला चिमूरची मी, कमळा. मुखरू सर गणिताचे. सगळ्यांचे तास तेच बसवायचे. माझा त्यांनी सकाळी सातला बसवला होता.

दुसरा तास

सातला एक फायदा होता. पावणेसातला जटपुरा दरवाज्यापाशी सर भेटायचे, छत्री बगलेत. तिथून कॉलेज पंधरा मिनिटं. मधे दोन हातांचं अंतर.

एकदा पावसाची सर आली तेव्हा त्यांनी छत्री मला दिली अन् स्वतः सागाचं कोवळं पान डोक्यावर धरलं. ते चुरगळलं की लाल रंग सुटतो, हे मी सांगेपर्यंत त्यांचा सदरा रंगला होता. दिवसभर तसाच घालून त्यांनी भूमिती शिकवली. मी व्हरांड्यातून तीनदा गेले. काम एकदाच होतं.

तिसरा तास

(रिकामा.)

श्रावण लागला अन् माझ्या वर्गात आठांपैकी तीन मुलं. मग एक. मग नुसती बाकं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, पंधरा दिवसांत विद्यापीठाची समिती येईल, वर्ग असा दिसला तर विषय बंद. विषय बंद म्हणजे मी चिमूरला. तिथे बाबांनी माझी पत्रिका आधीच तीन घरी धाडली होती.

आमचे म्हातारे शिपाई झिंगूभाऊ फळा पुसता पुसता म्हणाले, "बाई, सात्या निघून राह्यल्या नं. पोट्टे जंगलात हायेत."

सात्या म्हणजे वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्या. ऊन चढायच्या आत काढायच्या, सकाळच्याच बाजारात विकायच्या. माझी आठही मुलं लोहाऱ्याकडच्या खेड्यांतली. अन् मुखरू सरही तिकडचेच की. मी तणतणत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले — हे तुम्हाला माहीत नव्हतं?

मधली सुट्टी

ते खडू बोटांत फिरवत राहिले.

"मालूम होतं."

"मंग सात काऊन?" रागात माझं चिमूर बाहेर आलं.

"दोनला टाकला असता... तर तुमी दुपारी आल्या असत्या." खडू तुटला. "मी तं रोज सातलाच येतो."

त्यांचे कान चुरगळलेल्या सागाच्या पानासारखे लाल झाले होते. तरी मी रागावलेच. थोडीशी.

त्यांनी ओला फडका घेतला. फळ्यावर खडूनं लिहिलेल्या वेळापत्रकातला दोनचा स्वतःचा तास पुसून तिथे माझं नाव लिहिलं, सातला आपलं. त्यांची मुलं शहरातली, त्यांना सकाळ चालत होती. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं नाही.

"उद्यापासून रस्त्यात भेट नाई होणार," असं ते फळ्यालाच म्हणाले.

चौथा तास, दुपारी दोन

पंधरा दिवस सकाळ फार लांब वाटली.

समिती आली. आठही मुलं हजर. टेबलावर टोपलीभर सात्या — विकून उरलेल्या नव्हे, आठांतल्याच लालसूनं मुद्दाम राखलेल्या. कोणत्या वारुळावर कोणती निघते, विषारी कशी ओळखायची, हे तो सांगत गेला. समितीतले चष्मेवाले गृहस्थ आधी प्रश्न विचारत होते, नंतर लिहून घेऊ लागले.

विषय राहिला. मीही.

जादा तास

दुसऱ्या दिवशी पावणेसात. जटपुरा दरवाजा. ते आले... थबकले.

"तुमचा तास दोनला हाय, बाई."

"तास दोनला. रस्ता सातला."

पाऊस नव्हता, तरी त्यांनी छत्री उघडली. आम्ही चालू लागलो. सोबत गणिताचा माणूस, तरी दोन हातांचं अंतर कधी एक हात झालं ते कोणी मोजलं नाही.

कॉलेजचं फाटक दिसू लागल्यावर ते हळूच म्हणाले,

"रविवारी... चिमूरची मोटार किती वाजता निघते?"

"नऊला," मी म्हटलं. "बाबा घरीच असतात."