पश्चिमेकडे सरकणारी रेघ

ठक्.

दाराच्या मुठीवर लाकडी पाटी आपटली आणि तासभर थोपटून मिळवलेली शांतता मोडली. माझी लेक निधी चुळबुळली... पुन्हा झोपली. मी दार उघडलं. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेला माणूस, हातात झाडू.

आमच्या जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये जिना भाडेकरूंनी आळीपाळीनं झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर ती पाटी. ती खालून वर जाते. हा वरून खाली घेऊन आला होता. माझी पाळी कालच संपलेली. वैतागून मी मराठीतच पुटपुटले, "शिकलेली माणसं ही..."

"शिकतोय अजून," तो म्हणाला. मराठीतच.

तो तनय. पुण्याचा, इथे गाड्यांच्या कारखान्यात. चुकीची भरपाई म्हणून तो माझ्या पाळीलाही वरून जिना पुसत यायचा. दर वेळी ओल्या फरशीची रेघ माझ्या दाराच्या एक पायरी जवळ. ऑफिस, निधीचं पाळणाघर, कडेवर पेंगुळलेली निधी — नको म्हणायचंही त्राण नसायचं. मग हळूहळू, नको म्हणावंसंही वाटेना.

एका भुरभुरत्या रविवारी तो बाजारात मिळालेले दोन जुने नकाशे घेऊन आला. अमेरिकेचे, तिकडे वसायला निघालेल्या जर्मनांसाठी छापलेले. छाप एकच, मधे काही वर्षं. दुसऱ्यात हातानं रंगवलेली गुलाबी सीमा पश्चिमेकडे सरकली होती, आणि तिथल्या जमातींची नावं खरवडून टाकलेली.

"तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं?" मी म्हणाले.

"कोण विचारणार? ब्रश पुढे ओढला, झालं." तो कागदाची कड बोटानं सारखी करत राहिला. "मीही जिना न विचारताच पुसत आलो. पण दार आलं — आता विचारतो. दुसऱ्या शहरात, एर्लांगेनला, नोकरी मिळतेय; उद्या उत्तर द्यायचंय. जाऊ... की थांबू?"

बाहेर पन्हाळी गळत होती. मी खरं तेच सांगितलं. "माझ्यात प्रेम करण्याइतकी ताकद उरत नाही हो."

"ते मी करतो. तुम्ही नुसत्या बसा."

किती दिवसांनी हसले मी. टेबलापाशी तिसरी खुर्ची होती. निधीचा बाबा गेल्या वर्षी वेगळा झाला. पंधरवड्यानं शनिवारी तिला न्यायला येतो, तेव्हा त्या खुर्चीत बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधतो. एरवी खुर्चीवर धुतलेले कपडे. मी ढीग उचलून पलंगावर टाकला.

"थांब," मी म्हणाले. "बस इथे."

तो बसला, अगदी कडेला. टेबलाखाली त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला, आणि दोघांनीही हलवला नाही.

दारात निधी उभी होती, पांघरूण ओढत. तिनं त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग नेहमीसारखं जर्मनमध्ये, झोपाळू आवाजात विचारलं —

"मम्मा, शनिवारी बाबा आला की तो कुठे बसणार?"