दोन मिनिटांची मुदत

"इथे बसू? अख्ख्या कॅफेत चार्जिंगचा प्लग एवढा एकच आहे."

मी मान वर न करताच बॅग सरकवली. जीव थाऱ्यावर असेल तर माणूस मान वर करेल ना! नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या धक्क्यावर वारा नुसता पिसाळला होता. स्कारव्हॉय बेटाची बोट रद्द झाली होती, आणि तिथल्या दवाखान्याला इंटरनेटशी जोडणारं मशीन ज्या कपाटात बंद होतं, त्याची किल्ली होती माझ्या खिशात.

एरवी मी मशीनशेजारी बसून काम केलं असतं. आता ते इथून करायचं – म्हणजे इंटरनेटच्या ज्या लाइनवरून मशीनशी बोलतेय, तीच लाइन बदलायची. चुकलं तर मशीन मुकं. मग नर्स गुन्व्होरला पडद्यावरचा डॉक्टर दिसणार नाही, आणि या वादळात दुसरा आणायचा कुठून? थांबायचीही सोय नव्हती. जुनी लाइन संध्याकाळी कायमची बंद होणार होती.

"तीन लिनक्स... आणि फाइल एकच?" तो चक्क माझ्या पडद्यात डोकावत होता. आगाऊ कुठला!

"तीन बेटं, तीन दवाखाने. प्रत्येकाच्या मशीनवर लिनक्स प्रणालीचा वेगळा अवतार, आणि प्रत्येकाची नेटवर्कच्या सूचना लिहायची तऱ्हा वेगळी. मी एकदाच लिहिते, माझा प्रोग्राम ज्याला त्याला त्याच्या भाषेत समजावतो."

"तीन सासवांना एकाच कॉफीत खूश करणार तू?"

"तू कुठल्या घरचा?"

"डेबियन लिनक्सच्या. अजून सगळं हातानेच लिहितो."

"तरीच!" मी म्हणाले आणि मान वर केली. करायला नको होती... इतके हसरे डोळे अशा वेळी परवडत नाहीत. त्याचं नाव एस्किल; मीही माझं सांगितलं. दुपारच्या गाडीने ऑस्लोला परत निघालेला. त्याने आपल्या वाफलचा तपकिरी चीजवाला अर्धा भाग मला न विचारताच माझ्यापुढे सरकवला.

"एवढी घाबरतेस का? परत फिरायची सोय ठेवली असशीलच."

ठेवली होती. नवं लागू केल्यावर दोन मिनिटांत मी एंटर दाबून 'हो' म्हटलं नाही, तर मशीन आपणहून जुन्यावर येतं. पण ही सोयसुद्धा मीच लिहिलेली, आणि स्कारव्हॉयच्या लिनक्सवर कधीच न चालवलेली. मला माझाच भरवसा नव्हता.

मी डोळे मिटून आज्ञा सोडली. पडदा थिजला.

"काहीतरी बोल ना," मी कशीबशी म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही!"

"बरं... तू मला आवडलीस, सुन्निवा. घाई होतेय, कळतंय मला. पण गाडी आहे ना माझी... तुझ्या मशीनसारखंच कर. हो म्हणालीस तर हो. गप्प राहिलीस तर सगळं पहिल्यासारखं."

बेट मुकं, मीही मुकी. मी नुसते घड्याळाचे सेकंद मोजत राहिले – बेटासाठी की याच्यासाठी, देव जाणे. आणि अचानक पडदा हलला. जुनी लाइन परत आली होती! मी सुस्कारा सोडला.

एस्किल हसला, पण डोळे हसले नाहीत. "दोन्हीकडे जुनंच लागू झालं म्हणायचं," तो हळूच म्हणाला.

मी भेकडासारखी पडद्यातच शिरले. चूक तिथेच होती. नेटवर्क कार्डाला मी ज्या नावाने हाक मारत होते, ते नाव या लिनक्सला ठाऊकच नव्हतं. नावाऐवजी कार्डावर कोरलेला क्रमांक दिला, आणि जीव मुठीत धरून पुन्हा आज्ञा सोडली.

पडदा क्षणभर थिजला... मग अक्षरं उमटली. हेच ठेवायचं?

एंटर!

लगेच गुन्व्होरचा फोन. "दिसला गं बाई डॉक्टर! केस तेवढे विंचरायला सांग त्याला."

मी हसत वळले. खुर्ची रिकामी होती.

लॅपटॉप काखोटीला मारून मी पळत सुटले. स्टेशनच्या पुलावर वाऱ्याने मला दोनदा मागे ढकललं. तो पायऱ्या उतरायला लागला होता.

"एस्किल! मशीनसुद्धा पहिल्यांदा गप्पच राहिलं होतं!"

तो थबकला. खाली गाडी उभी होती. तो 'नको, राहू दे' म्हणाला तर?

"परत विचार ना..."

तो पायऱ्या चढून अगदी जवळ आला. "हेच ठेवायचं?"

भीती तशीच होती, काडीनेही कमी झाली नव्हती.

"हो," मी म्हणाले. या वेळी मी दोन मिनिटं घेतली नाहीत.