चार मिनिटं न हलणारा

कॅमेऱ्याची तिपाई उघडण्याआधी वेर्नाने पायाखालच्या फळ्या टाचेने ठोकून पाहिल्या. भर दुपार होती, पण मेरी-गो-राउंडच्या छपराखाली ओल्या लाकडाचा आणि उंदरांचा वास कोंडला होता. समोर घोड्यांच्या रांगेत फळ्यांना माणूस मावेल एवढं भगदाड होतं. दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ लायल तिथूनच खाली गेला.

सोमवारी बुलडोझर येणार होते. पेनसिल्व्हेनियातली ही बंद पडलेली करमणुकीची बाग एकदा तरी पाहायचीच, म्हणून ती लायलच्या दोस्ताच्या, ग्रेडीच्या, मागे हात धुऊन लागली होती.

लायल आणि ग्रेडी पंधरा वर्षं असल्या पडक्या जागांचे फोटो काढत हिंडले. त्यांचा दंडकच होता, जागा सांगायची नाही, सोबत्याचं नाव घ्यायचं नाही, आपण आलो होतो याचा मागमूस ठेवायचा नाही. ग्रेडीने तो इतका इमानदारीत पाळला, की लायल पडल्यावर चाळीस मैल गाडी हाकून एका पेट्रोल पंपावरून पोलिसांना निनावी फोन केला. वा रे मैत्री!

"पडला आणि संपला गं. हूं का चूं नाही," असं त्याने दफनाच्या दिवशी सांगितलं होतं. वेर्नाने तेव्हा विश्वास ठेवला. पण पुढे, भाऊ खरंच तसाच गेला का, या एका प्रश्नाने तिची झोप उडवली होती.

"लवकर आटप," ग्रेडी म्हणाला. तो भगदाडापासून लांब उभा होता.

"तुला कसली घाई? आज कुणाला फोन करायचाय?"



तिने भिंगावर काळी काच चढवली आणि चार मिनिटं कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं. एवढ्या वेळात जे हलतं ते फोटोतून पुसलं जातं. पाखरं, पानं, चालती माणसं, काही उरत नाही. उरतं ते फक्त स्थिर.

पहिल्या फोटोत भगदाडाच्या काठावर करडा डाग होता. तिने भिंग पुसलं.

दुसऱ्या फोटोत तो डाग माणसासारखा बसलेला होता.

तिने मान वर करून पाहिलं. काठावर धूळ होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. बस.

तिसऱ्या फोटोत लायल होता. एक खांदा खाली, नेहमीसारखा. कोटाची बटणंसुद्धा मोजता येत होती.

"ग्रेडी, इकडे ये."

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. ओठ पांढरे पडले.

"चार मिनिटं इतकं निश्चल कुणाला बसता येतं रे?" तिने विचारलं. तिचाच आवाज तिला परका वाटला.

"शक्य नाही," तो पुटपुटला. "तो तर सारखा हलत होता. हाक मारत होता..."

आणि थांबला.

छपरावरून काहीतरी घरंगळत गेलं.

"कधी?" वेर्ना म्हणाली.

"वेर्ना, ऐक माझं. पोलिस आले असते, आमचं सगळं..."

"किती वेळ हाक मारत होता?"

तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. रडू येईना.

"जा," ती म्हणाली. "त्या काठावर उभा राहा."

"वेडी आहेस का?"

"उभा राहा. चार मिनिटं. तेवढं तरी कर मेल्या."

तो गेला. का गेला कोण जाणे. तिने कळ दाबली.

पहिल्याच मिनिटाला तो थरथरू लागला. मग डोलू लागला, हुंदके देऊ लागला, पाय बदलू लागला. पण काठ काही सोडेना.

"सोड," तो म्हणाला. तिच्याकडे नाही, आपल्या डाव्या बाजूला बघत.

चार मिनिटं झाली.

फोटोत ग्रेडीचा चेहरा नव्हता, नुसता पुसट धूर होता. खांदे पुसट, पाय पुसट.

डावी बाही तेवढी लख्ख आली होती. कोपराच्या वर कापड आत दबलं होतं, चार बोटं रुतल्यासारखं.