पुलावर मागे राहिलेला

तो जनरेटर बंद करा रे, कान किटले माझे. आणि हसायचं नाही. ही गोष्ट माझ्या साडूची, एजिकेची आहे. शववाहिका चालवतो तो.

गेल्या ईस्टरच्या आधीचा गुरुवार. दिवेलागणीला एजिके एनुगू शहरातल्या शवागारातून एक पेटी घेऊन निघाला. सकाळच्या आत गावी पोचवायची होती. पेटीत कोण, तर कर्नल इफेडिओरा!

तुम्हाला काय ठाऊक म्हणा. लष्करानं देश ताब्यात घेतला, रेडिओवर याचं नाव आलं, आणि झाला आपला गव्हर्नर. ना कुणी निवडला, ना कुणी विचारलं. कारकून उशिरा आला की भर रस्त्यात बेडूकउड्या. बाजारातल्या बायकांच्या पाठीवर चाबूक. मग बाजारच पाडला. आडवी आली ती पोरं ट्रकमध्ये कोंबून नेली. एकही परत आला नाही. त्यात एजिकेचा थोरला भाऊ होता, ओबिओरा. आणि हा कर्नल? पेन्शन खाल्ली, गावची सरदारकी घेतली, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला. थू! नाव घेतलं तरी तोंड कडू होतं.

एजिकेच्या आईचा एकच धोशा. "माझ्या आधी ओबिओराला मातीत घाल रे." पण हाडंच नाहीत, तर पुरायचं काय?

शेजारच्या सीटवर कर्नलचा पुतण्या होता, टोबेन्ना. पूल दिसला तसा तो म्हणाला, "सांगा ना काकांना."

आपल्यात मेलेल्याला गावी नेताना ड्रायव्हर प्रत्येक पुलावर नाव घेऊन सांगतोच, की बाबा, नदी ओलांडतोय, मागे राहू नको.

"मी नाही सांगणार," एजिके म्हणाला.

"अहो, मला येत नाही ते. लंडनला वाढलोय मी!"

"मग राहू दे मेल्याला इथंच. जन्मभर लोकांना हुकूम सोडले, आता आपलं आपण बघेल."

पूल संपला आणि इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवून फिरवून एजिकेचा हात दुखला. गाडीत वास सुटला. प्रेताचा नव्हे. प्रेताचा वास त्याच्या सवयीचा. हा ओल्या, सडक्या मातीचा होता.

"पेटी... पेटी वाजतेय का?" टोबेन्नानं विचारलं.

"नाही. आवाज खालून येतोय. नदीकाठावरून."

खर्र... खर्र...

कुणीतरी उकरत होतं. नुसत्या हातांनी.

एजिके खाली उतरला. संतापानं ओरडला.

"कर्नल! माझा भाऊ कुठाय?"

आवाज थांबला.

काही नाही...

मग पुन्हा. घाईघाईनं. खर्र, खर्र, खर्र...

"चला हो! पाया पडतो, चला!" टोबेन्ना रडायला लागला.

एजिकेनं किल्ली फिरवली. या वेळी गाडी सुरू झाली.

सकाळी अंगणात दर्शनासाठी पेटी उघडली. गणवेश कडक. पदकं चकचकीत. पण पांढऱ्या हातमोज्यांची बोटं फाटलेली, आणि नखांत लाल चिखल. शवागारातून निघताना एजिकेच्या समोर पेटीला खिळे मारले होते!

एजिकेनं चार माणसं, फावडी घेतली आणि उलटा पुलाकडे गेला. काठावर माती ताजी उकरलेली होती. खाली हाडं सापडली, मनगटांना तार गुंडाळलेली. पुढच्या दातांतली फट बघून म्हातारीनं आपला लेक ओळखला. जवळ घेऊन बसली त्याला. सोडेचना. शेवटी तिनंच पहिली मूठभर माती टाकली.

आणि कर्नल? घरच्यांनी त्याचे हात धुतले, नवे हातमोजे घातले. प्रार्थना संपायच्या आत ते आतून लाल चिखलानं ओले झाले. पुन्हा बदलले. पुन्हा तेच. मग त्याच्या बायकोनं हातांवर चादर ओढली आणि म्हणाली, "लवकर पुरा."