पलीकडचा हात

विष्णू मिस्त्री कामाला चोख आणि तोंडाने वाईट. फ्रीगंजात त्याचं पत्र्याच्या छपराचं गॅरेज होतं. उज्जैनातल्या झाडून साऱ्या जुन्या मोटारी कधी ना कधी तिथे तेल गाळून गेल्या होत्या. सन छप्पनचा ऑक्टोबर चालला होता. मध्यभारत राज्य मोडणार, राजधानी भोपाळला जाणार, म्हणून सरकारी नोकरांच्या घरोघरी ट्रंका भरल्या जात होत्या. भय्यासाहेब मुजुमदारांचीही भोपाळला बदली झाली होती आणि त्यांची वीस वर्षांची मोटार मागून खडखडत होती. ‘उद्या चारला ड्रायव्हर येईल. काम पसंत पडलं तर इथल्या सरकारी गाड्या तुला लावून देतो,’ असं ते सांगून गेले, तेव्हापासून विष्णूच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

दुखणं मागच्या अ‍ॅक्सलच्या जोडात होतं. इंजिनाकडून येणारा फिरता दांडा तिथे चार बोल्टांनी अ‍ॅक्सलला बांधलेला असतो. ते बोल्ट नव्याने बसवायचे, नट आवळायचे, नटाच्या खाचेतून पिन घालून तिचे पाय वाकवायचे, की झालं. पण हे एकट्याचं काम नव्हे. एकाने गाडीखाली अलीकडून नट आवळायचा आणि दुसऱ्याने पलीकडून बोल्टचं डोकं धरून ठेवायचं. नाहीतर नटाबरोबर बोल्टही फिरत राहतो आणि आवळणारा बसतो शिव्या देत.

धरायचं काम म्हाताऱ्या बापूचं. पण त्या दिवशी बापूची पकड सुटली, विष्णूचा पाना निसटला आणि त्याच्या बोटांची सालटी निघाली. ‘तुझे हात गेले, बापू. आता घरी बसून जपमाळ ओढ,’ म्हणत विष्णूने त्याला चारचौघांत हाकलून दिलं. बापू हात जोडत राहिला. एक मुलगी सोडली तर त्याला कुणी नव्हतं, आणि घर त्याच्याच कमाईवर चालायचं. विष्णूने त्याच्या चपला रस्त्यावर फेकल्या.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गाडीखाली शिरला. पहिला बोल्ट घातला, पाना लावला. बोल्ट गरगर फिरायला लागला.

‘बापू, पकडून ठेव ना,’ तो सवयीने खेकसला.

बोल्ट थांबला.

विष्णूने मान वाकडी करून पलीकडे पाहिलं. सांडलेलं तेल होतं, त्यावर उन्हाची पट्टी होती. माणूस नव्हता. बोल्टचा आटा गंजून अडकला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली, नट आवळला आणि पिन घातली. दुसरा बोल्टही तसाच गरगरला. या खेपेला तो हळूच म्हणाला, ‘बापू.’ बोल्ट थांबला. त्यात एक बारीक थरथर होती, पान्यातून मनगटापर्यंत येणारी. ती थरथर विष्णूच्या चांगली ओळखीची होती.

आधी त्याला दरदरून घाम फुटला. मग हसू आलं. फुकटचा हात मिळाला की, आणि वर ना तोंड ना कटकट. तिसरा बोल्ट त्याने मजेत आवळला, जरा जास्तच, आणि चौथा जेवणानंतरवर ठेवला.

दुपारी बाहेर टांगा थांबला. बापूची मुलगी सुलभा बापाला धरून आत घेऊन आली. बापूचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता.

‘काका, बाबांना सकाळपासून काय होतंय बघा,’ ती म्हणाली. ‘चहा पीत होते. एकदम मूठ वळली, उघडेचना. नुसते ओरडत होते. डॉक्टर म्हणतात, लकवा नाही, बाकी कुछ समझ में नहीं आता.’

तिने फडकं सोडलं. तळहातावर तीन खोल खुणा उमटल्या होत्या, प्रत्येकीला सहा कोपरे. भोवतीचं मांस काळंनिळं पडलं होतं. तिसरीतून रक्त येत होतं.

‘मालक, तुम्ही हाक मारता आणि मला धरावं लागतं,’ बापू म्हणाला. ‘सोडायला जातो, तर सुटत नाही. तिसऱ्याला कळ छातीपर्यंत आली. चौथा दुसऱ्या कुणाकडून धरून घ्या. चौथ्याला मी वाचायचा नाही.’

‘घड्याळाच्या टावरजवळ माणसं कामाची वाट बघत बसलेली असतात,’ सुलभा म्हणाली. ‘मी आत्ता घेऊन येते एकाला.’

विष्णूने घड्याळ पाहिलं. ड्रायव्हर यायची वेळ होत आली होती.

‘नवख्याला शिकवू कधी? घरी ने म्हाताऱ्याला. निजव.’

सुलभेने त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले.

टांगा निघेपर्यंत तो थांबला. एवढी लाज त्याला होती. मग गाडीखाली गेला.

‘बापू.’

बोल्ट थांबला.

त्याने नट आवळला. पण नटाची खाच आणि बोल्टातलं भोक जुळेना. केसभर राहिलं. अशा वेळी नट मागे घ्यायचा नसतो, जोड ढिला राहतो. पुढेच न्यायचा असतो. विष्णूने पान्यावर पाय ठेवला आणि जोर लावला.

रस्त्यावर टांगा थांबला. मग सुलभेचं ओरडणं ऐकू आलं.

खाच जुळली. त्याने पिन घातली, तिचे दोन्ही पाय वाकवले. बोल्टातली थरथर थांबली होती.

भय्यासाहेब खूश झाले. मोटार भोपाळपर्यंत कुरकुर न करता गेली. बापूच्या तेराव्याला विष्णू जेवून आला. सुलभेने खाली मान घालून वाढलं.

पुढे गॅरेजात पहिली सरकारी गाडी आली. तिचंही दुखणं तेच. विष्णू खाली शिरला, बोल्ट घातला आणि बापूला हाक मारून पाहिली. बोल्ट गरगरतच राहिला. त्याने पुन्हा हाक मारली. काही नाही. तो पाठीवर पडून विचार करत राहिला. माणूस ठेवायचा म्हणजे पगार आला, उलट उत्तरं आली.

‘सुलभे,’ तो अगदी गोड आवाजात म्हणाला. ‘धर गं बाळा.’

बोल्ट थांबला. पकड कच्ची होती. पाना लावताच एकदा सुटली, मग पुन्हा बसली.

‘जमेल हळूहळू,’ विष्णू म्हणाला, आणि नट आवळायला लागला.