रंग न धरणारं इंजिन

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्यासमोर घडली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, कुणाला पटवत बसण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही.

रात्र नव्हती. अमावस्या तर मुळीच नव्हती.

भर दुपारचे अडीच वाजले होते. मार्च महिना, २०११. कोर्दोबाच्या डोंगरातलं आमचं सान आनास्तासियो गाव जेवून झोपलं होतं. एक ते चार या वेळात आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मी मिर्ता. माझा भाऊ एलविओ इंजिनं बांधतो, मी रंग मारते. वर्कशॉप वडिलांचं, आमेरिकोंचं. तरुणपणी ते डोंगरातल्या रस्त्यांवर शर्यती करायचे. त्यांची दोन सीटची स्पोर्ट्स कार शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती... बेचाळीस वर्षं.

१९६९ साली एका वळणाच्या तोंडावर तिचं इंजिन जाम झालं आणि गाडी दरीत गेली. बाबा वाचले. शेजारी बसलेला फाउस्तिनो जागीच गेला. गाडी वर ओढून आणली, पत्रा ठोकून सरळ केला; इंजिन मात्र कुणी उघडलं नाही.

आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, आणि तेव्हा चालकाच्या उजव्या बाजूला एक जोडीदार बसायचा. काट्यांवर नजर ठेवणं हे त्याचं काम. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून तो डाव्या हाताने चालकाच्या गुडघ्यावर चापट्या मारायचा. एक म्हणजे सगळं ठीक.

तीन म्हणजे ताबडतोब थांब.

बाबांनी पोलिसांना सांगितलं, "त्याने मला काही कळवलंच नाही. डुलकी लागली असणार."

झालं. तेव्हापासून आमच्या गावात पत्ते खेळताना कुणी पेंगलं की लोक म्हणतात, "काय रे, फाउस्तिनो झालास का?"

फाउस्तिनोची बायको, एर्मिन्दाकाकू, आमच्या समोरच राहतात. त्यांना हे सगळं ऐकू जातं.

त्या वर्षी जुन्या शर्यतींच्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. एलविओने हट्टच धरला, बाबांची गाडी चालू करायचीच. बाबा आधी नको म्हणाले. मग वैतागून म्हणाले, "करा काय करायचं ते."

एलविओने इंजिन खोललं. क्रँक, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, तेलाविना जळून निळा पडला होता. बेअरिंगं वितळून चिकटली होती.

"हे एका क्षणात होत नाही, मिर्ते," तो म्हणाला. "तेलाचा काटा दहा किलोमीटर तरी शून्यावर असणार. आंधळ्यालाही दिसला असता. हा माणूस खरंच झोपला होता की गं."

मलाही तेच वाटलं. वाईट वाटलं, पण तेच वाटलं.

दोन महिने तो इंजिनाशी झटला. क्रँक घासून आणला, पिस्टन नवे टाकले, बेअरिंगं नवी टाकली. मग ब्लॉक माझ्या ताब्यात दिला. मूळचा नारिंगी रंग हवा होता. मी थिनरने तीनदा पुसला, प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात दिले.

दुसऱ्या दिवशी बघते तर... डाव्या बाजूला रंग फाटलेला.

तेलकट हात लागलेल्या जागी रंग धरत नाही, मागे सरतो. तसंच झालं होतं. चार बोटं, अंगठा, तळवा.

"तुझाच हात," एलविओ हसला. "बावीस वर्षं रंग मारतेस आणि अजून इतका धांदरटपणा!"

"माझे हातमोजे होते. आणि हे बघ."

मी त्या पंजावर हात ठेवला. तो माझ्या हाताहून पेरभर लांब होता. एलविओने त्याचा ठेवला. त्याचा जाडा आणि आखूड. मग त्याने खरवडायची पट्टी माझ्या हातात दिली.

मी सगळं खरवडून पुन्हा रंग मारला. पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी कुलूप लावून किल्ली गळ्यात घालून गेले. सकाळी दार उघडलं...

तोच पंजा. डाव्या हाताचा.

तेवढ्यात बाबा येर्बाचा, आमच्याकडच्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला घेऊन आले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, पेला तिथेच ठेवला आणि घरात निघून गेले. दोन दिवस इकडे फिरकले नाहीत.

शेवटी आम्ही इंजिन तसंच बसवलं. चालू केलं. एलविओ नेहमीसारखा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकत होता. आवाज झकास होता. मी इंजिन बंद केलं.

तो वाकलेलाच राहिला.

"बंद कर ना."

"केलंय बंद."

"मग हे ठोकतंय कोण?"

मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. आत... टक्. टक्. टक्.

थोडा वेळ शांत. पुन्हा तीन.

"लोखंड थंड होताना वाजतं," एलविओ म्हणाला. पण माझ्याकडे न बघता.

शनिवारी दुपारी अडीचला, रस्ता मोकळा असताना, गाडी बाहेर काढली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"मी चालवणार. शेजारी मिर्ता बसेल."

गाव मागे पडलं. घाट लागला. माझी नजर तेलाच्या काट्यावर होती. काटा जिथे हवा तिथेच होता.

"हात लावू नकोस, मिर्ता!" बाबा ओरडले.

मी हात लावलाच नव्हता. एक हात दारावर होता, दुसरा समोरच्या दांड्यावर.

मग मला दिसलं. बाबांच्या उजव्या गुडघ्यावरची पँट... आत दबली. वर आली. दबली. वर आली. पुन्हा दबली.

बाबांनी वेग कमी केला नाही. उलट वाढवला. समोर ते वळण दिसायला लागलं.

पुन्हा तीन. या वेळी मला चापटीचा आवाजही आला.

"बाबा, थांबा! तुम्हाला माझी शपथ आहे, थांबा!"

गाडी वळणाच्या दहा पावलं अलीकडे थांबली. इंजिन बंद झालं. बाबांच्या हनुवटीवरून घाम गळत होता.

"त्या दिवशीही मारल्या होत्या त्याने," ते म्हणाले. "तीन. मग पुन्हा तीन. शेवटी शेवटी मूठ आपटत होता."

"मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"पुढे एकच गाडी राहिली होती, पोरी."

मला माझ्या वडिलांची किळस आली. बाप होता माझा, तरी लिहिते. किळस.

"एर्मिन्दाला सांगायचं नाही," ते म्हणाले. "मी मेल्यावरही नाही."

आणि मी मान हलवली. का हलवली, ते मला आजही सांगता येत नाही.

बाबा ऑगस्टमध्ये गेले. त्यांना घरीच ठेवलं होतं, मी शवपेटीशेजारी बसले होते. दुपारी एर्मिन्दाकाकू आल्या. काळे कपडे, केस नीट विंचरलेले. पेटीवर वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आमेरिको, माझ्या माणसाला माफ करा. तुमची शर्यत घालवली त्याने."

मग माझ्याकडे वळल्या.

"जाताना त्याच्याबद्दल काही बोलले का गं?"

तेव्हा माझ्या गुडघ्यावर... एक. दोन. तीन.

खोलीत बाराएक माणसं होती. काकू पेटीच्या पलीकडे होत्या. माझ्या हाताच्या अंतरावर कुणीच नव्हतं.

मी गुडघा बाजूला घेतला.

"नाही, काकू," मी म्हटलं. "काहीच नाही."

काकूंनी आता ऐंशी ओलांडली आहे. मी अजून त्यांच्याकडे गेलेले नाही. रोज ठरवते, उद्या जाईन.

दुपारी मात्र मी हल्ली खाली बसत नाही. जेवतेसुद्धा उभ्यानेच.