तारेने बांधलेली पट्टी

खर्रर्रर्र!

उजव्या वळणावर वैदेहीआत्याची मोटरसायकल इतकी कलली, की खालून ठिणग्यांचा फवारा उडाला. चाचणी-मार्गाशेजारच्या काचेच्या खोलीत चार्वीने डोळे गच्च मिटले. पडली आत्या! पण डोळे उघडून बघते तो काय, आत्या वळण संपवून मजेत सरळ झालेली.

"आजोबा, ती पडली कशी नाही?"

विजेवर चालणारी ही क्रूझर (लांब, बुटकी, ऐसपैस बसायची मोटरसायकल) आजोबांनीच घडवली होती. ते म्हणाले, "वळताना रस्ता टायरला आत ढकलतो. याला केंद्राभिमुख बल (वर्तुळाच्या मध्याकडे नेणारा जोर) म्हणतात. पण हा जोर लागतो फक्त खाली, टायरला. गाडी ताठ राहिली तर चाकं आत वळतील आणि आत्या बाहेर कलंडेल. म्हणून आधीच आत कलायचं. वजन आत पाडू बघतं, वळणाचा वेग बाहेर पाडू बघतो. दोघांची बरोबरी झाली की तोल राहतो. वेग जास्त, तर कलणंही जास्त."

"आणि ठिणग्या?"

"गाडी बुटकी ना! टायरची पकड शिल्लक असतानाच फूटरेस्ट (पाय ठेवायची पट्टी) रस्त्याला घासते. म्हणून ती बिजागरीवर बसवलीय. घासली की वर मुडपते. आत्याला कळतं, आता पुरे."

"मुडपली नाही तर?"

"तर तिचाच टेकू होऊन चाक उचललं जाईल. चाक उचललं की पकड गेली, आणि आत्या थेट कठड्यावर."

चार्वीने झटकन मार्गाकडे पाहिलं. आज खंडेनवमी. सकाळी पूजेसाठी गाडी पुसताना डावी पट्टी तिला खिळखिळी वाटली होती. आत्याला मदत म्हणून तिने ती तारेने करकचून बांधली होती, आणि वरून झेंडूची माळ गुंडाळली होती. पुढचं वळण डावं होतं!

तिने आजोबांपुढचा, आत्याच्या हेल्मेटमध्ये ऐकू येणारा माइक हिसकावला. "आत्या, कलू नकोस! डावी पट्टी मी बांधलीय! थांब!"

वळणाच्या तोंडाशीच क्रूझर उभी राहिली.

दोघं धावत पोचले. आत्याने हेल्मेट काढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला वाटलं, मोडलीय," चार्वी हुंदके देत म्हणाली.

आजोबा मटकन खाली बसले. "पट्टी अडकली तर गाडीने स्वतःच ओरडून सांगावं, हे मला सुचलंच नाही."

"पुढच्या गाडीला ते शिकवू. आणि चार्वी मदत करेल, पण विचारून," आत्या म्हणाली. तिने पक्कड पुढे केली. "आधी ही तार सोड."

चार्वीने तार सोडली आणि पट्टी वर ढकलली. ती अलगद मुडपली. तेव्हा कुठे चार्वीच्या जिवात जीव आला.